सहा जणांची रोड रिले: टीम कशी लावायची आणि वाट कशी पाहायची

प्रश्न थोडक्यात असा: क्लबमध्ये पंचवीस-तीस जण नियमित पळतात. बहुतेकांनी १० किमी आणि हाफ मॅरेथॉन केल्या आहेत. आता पहिल्यांदाच टीम म्हणून रोड रिलेत उतरायचं आहे, सहा टप्पे आणि एकूण मॅरेथॉनचं अंतर. कोणाला कुठला टप्पा द्यायचा, सरावात काय बदलायचं आणि शर्यतीच्या दिवशी काय सांभाळायचं?

ट्रॅकवरच्या ४×१०० रिलेचं चित्र आधी डोक्यातून काढून टाका. तिथे बॅटन बदलण्याच्या कौशल्यावर शर्यत जिंकता येते. रोड रिलेत उत्तम बदलाने मिळतात फार तर एक-दोन सेकंद, पण बदलाच्या जागी घोळ झाला तर सहज मिनिटभर जातं. पुढचा धावक तिथे पोहोचलेलाच नसतो, रांगेत अडकलेला असतो, जॅकेटची चेन अडकते, नाहीतर अंग थंड पडलेलं असतं. शिवाय सुरुवातीचे टप्पे सोडले तर बाकीचे बहुतेक वेळ एकटेच पळतात. रोजच्या शर्यतीत आजूबाजूला घोळका असतो आणि पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) आपोआप लागतो, तसं इथे होत नाही. म्हणून क्लबला दोन गोष्टी शिकाव्या लागतात: एकट्याने पळणं आणि वाट पाहणं. पळायला तुमच्या लोकांना येतंच आहे. शर्यत हातची जाते ती जास्त करून दुसऱ्या गोष्टीपायी, म्हणून खाली तिच्यावर जास्त लिहिलं आहे.

मॅरेथॉन अंतराच्या रिलेची सर्वमान्य विभागणी ५, १०, ५, १०, ५ आणि ७.१९५ किमी अशी आहे. तुमच्या आयोजकांनी टप्पे वेगळे केले असतील तरी पुढचा हिशोब तसाच लागू पडतो.

निवडीपासून सुरू करू. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सगळ्यांना सांगून ५ किमीची टाइम ट्रायल (घड्याळ लावून चाचणी धाव) घ्या. मोजलेला सपाट रस्ता किंवा ट्रॅक असावा, सगळे एकाच दिवशी एकाच वेळी पळावेत. गेल्या वर्षीचा पर्सनल बेस्ट निवडीत धरू नका, आजचा फॉर्म धरा. १० किमीची वेळ गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शर्यतीतून मिळाली तर उत्तम. नसेल तर पीट रीगल यांचं वेळेचा अंदाज बांधायचं जुनं सूत्र वापरा: नवं अंतर भागिले जुनं अंतर, त्याचा १.०६ वा घात, गुणिले जुनी वेळ. ५ किमी २०:०० मध्ये पळणाऱ्याची १० किमीची वेळ त्यातून साधारण ४१:४२ येते आणि ७.१९५ किमीची २९:२५. मात्र सूत्र सगळ्यांना एकाच साच्यात बसवतं. आठवड्याला ६० किमी पळणारा आणि २५ किमी पळणारा, दोघांची ५ किमीची वेळ सारखी असली तरी १० किमीची सारखी नसते. ज्याचं मायलेज कमी आहे त्याच्या अंदाजात मिनिटभर वाढवा.

आता टप्प्यांची वाटणी. बहुतेक क्लब इथे एक सरळ वाटणारी चूक करतात: सगळ्यांत वेगवान दोघे १० किमीवर आणि उरलेले ५ किमीवर. एक उदाहरण घ्या. ‘क’ची ५ किमीची वेळ १७:५० आणि १० किमीची ३८:००. ‘ख’ची ५ किमी १८:५० आणि १० किमी ३८:३०. म्हणजे ‘क’ दोन्ही अंतरांवर वेगवान आहे. त्याला १० किमी आणि ‘ख’ला ५ किमी दिले तर बेरीज होते ५६:५०. उलट केलं, ‘क’ला ५ आणि ‘ख’ला १०, तर ५६:२०. तीस सेकंद फुकट मिळाले! कारण प्रत्येकाची नुसती वेळ पाहून चालत नाही, १० किमीच्या वेळेतून ५ किमीची वेळ वजा केल्यावर उरणारा फरक पाहायचा असतो. ‘क’चा फरक २०:१०, ‘ख’चा १९:४०. हा फरक ज्यांचा सर्वांत कमी, ते लांब टप्प्यावर. ज्यांचा जास्त, ते छोट्या टप्प्यावर. आठ-दहा उमेदवारांची नावं, दोन वेळा आणि फरक असा एक तक्ता केला की निम्मे वाद तिथेच मिटतात. हा तक्ता आणि निवडीचा निकष ट्रायलच्या आधीच सगळ्यांना दाखवा. निवड झाल्यावर निकष सांगितला, तर तो कितीही योग्य असला तरी लोकांना तो कोणासाठी तरी बनवलेला वाटतो आणि क्लबमध्ये कायमची कटुता राहते.

क्रम हा त्यानंतरचा विषय. कागदावर क्रमाने बेरीज बदलत नाही, रस्त्यावर बदलते, कारण पुढे दिसणारा पाठलाग करण्याजोगा माणूस दर किलोमीटरला काही सेकंद मिळवून देतो आणि पूर्ण एकांत तेवढेच सेकंद घेतो. पहिला टप्पा सामूहिक सुरुवातीचा. तिथे गर्दीत कोपर लागलं तरी न बिथरणारा आणि पहिल्या ४०० मीटरच्या वेड्या वेगात न वाहवणारा माणूस हवा. तो टीममधला सर्वांत वेगवान असलाच पाहिजे असं नाही. त्याचं काम आपल्या दर्जाच्या टीम्सच्या घोळक्यात पट्टा (बॅटनऐवजी खांद्यावरून घालतात तो कापडी पट्टा) पोहोचवणं, म्हणजे दुसऱ्या धावकाला समोर माणसं दिसतील. दुसरा टप्पा लांब आहे आणि तिथे अजून टीम्स जवळजवळ असतात, त्यामुळे चांगल्या १० किमीवाल्याला इथे सर्वाधिक जागा कमावता येतात. टीममधला सर्वांत हळू धावक माझ्या मते तिसऱ्यावर ठेवावा. मागे-पुढे माणसं असतात, टप्पा छोटा असतो, आणि गमावलेलं भरून काढायला तिघे उरलेले असतात. शेवटी त्याला ठेवणं चूकच. ‘आता सगळं माझ्यावर’ हे ओझं घेऊन पहिल्या किलोमीटरलाच तो फुटतो. चौथा टप्पा सर्वांत एकाकी, कारण तोवर टीम्स विखुरलेल्या असतात. तिथे घड्याळावर शांतपणे पेस धरून ठेवणारा अनुभवी माणूस द्या. शेवटच्या टप्प्यासाठी लोक स्प्रिंटर शोधतात, पण शेवटच्या २०० मीटरमध्ये कोणाशी चुरस होण्याची वेळ क्वचितच येते. तिथेही एकट्याने ७ किमी रेटणाराच हवा.

मार्गात चढ-उतार असतील तर हे सगळं पुन्हा तपासा. चढाचा टप्पा हलक्या अंगाच्या, चढाचा सराव असलेल्याला द्या. उताराचा टप्पा मात्र सोपा समजून नवख्याला देऊ नका. लांब उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना जबर मार बसतो आणि सवय नसलेला माणूस शेवटच्या दोन किलोमीटरला पाय आपटत येतो. उशिराचे टप्पे उन्हात जातात, म्हणून उष्णता सोसणारे लोक चौथ्या ते सहाव्या टप्प्यावर हवेत. प्रत्येकाने आपला टप्पा आधी एकदा तरी सावकाश पळून किंवा निदान सायकलवरून पाहून यावं. वळणं कुठे आहेत, शेवटचा किलोमीटर कुठून सुरू होतो आणि बदलाची जागा दिसायला लागते ते नेमकं कुठून, हे त्याला तोंडपाठ हवं.

राखीव धावक दोन घ्या, एक १० किमी झेपणारा आणि एक ५ किमीचा. नावं दोघांचीही नोंदवलेली हवीत, आणि बदल कळवण्याची शेवटची वेळ नियमपत्रिकेतून लिहून घ्या. सकाळी आजारी पडलेल्याच्या बिबवर (जर्सीवर लावायच्या क्रमांकावर) दुसराच पळाला तर पूर्ण टीम बाद होऊ शकते. बऱ्याच स्पर्धांत बिबवर टप्प्याचा क्रमांकही छापलेला असतो, त्यामुळे आयत्या वेळी आपापसात टप्पे बदलणंही नियमात बसेलच असं नाही. दुसरी टीमही उतरवत असाल तर तिला स्वतःचा वेगळा व्यवस्थापक द्या. दोन्ही टीम्सचं एकच माणूस पाहणार असेल तर ‘ब’ टीमचा धावक हमखास ताटकळतो.

सरावाबद्दल थोडक्यात. शर्यत ५ आणि १० किमीची आहे, तेव्हा आठ आठवड्यांची नेहमीची आखणी चालते: आठवड्यातून एक टेम्पो (न थांबता जरा कठीण, पण टिकेल अशा वेगाने), एक इंटरव्हल (वेगवान तुकडे, मध्ये विश्रांती), एक लांब पळ, बाकी सावकाश. रिलेसाठी म्हणून तीनच गोष्टी वाढवा. पहिली, टेम्पो एकट्याने करा. सगळे त्याच रस्त्यावर पळा, पण दोन-दोन मिनिटांच्या अंतराने निघा. दुसरी, पाठलागाचा सराव. १० ते २० सेकंद उशिरा सोडून ३ किमीत पुढच्याला गाठायचं, पण शेवटच्या किलोमीटरमध्ये, त्याआधी नाही. तिसरी आणि सगळ्यांत दुर्लक्षित, उशीर झाल्याचा सराव. सगळ्यांनी पूर्ण वॉर्म-अप करायचा आणि निघायला तयार व्हायचं. मग व्यवस्थापकाने न सांगता कोणाला ४ मिनिटं, कोणाला ९ मिनिटं थांबवून ठेवायचं आणि मग अचानक सोडायचं. दोन वेळा हे केलं की थांबलेल्या वेळात अंग कसं जागं ठेवायचं ते प्रत्येकाला आपापलं कळतं.

आता शर्यतीच्या दिवसाचा कणा, वेळेचा तक्ता. समजा सुरुवात सकाळी ६:०० ची आहे आणि अपेक्षित वेळा अनुक्रमे १८:४०, ३८:३०, २०:००, ४०:२०, १७:५० आणि २८:३० आहेत. मग पट्टा हातात येण्याच्या वेळा अशा निघतात:

दुसरा धावक: ६:१८:४०
तिसरा धावक: ६:५७:१०
चौथा धावक: ७:१७:१०
पाचवा धावक: ७:५७:३०
सहावा धावक: ८:१५:२०
अंतिम रेषा: ८:४३:५०

हा तक्ता छापून प्रत्येकाच्या खिशात द्या, फोनवरच्या संदेशावर अवलंबून राहू नका. बदलाच्या ठिकाणी शेकडो लोक एकाच टॉवरवर असतात आणि नेमक्या वेळी नेटवर्क झोपतं. तक्त्यात प्रत्येक वेळेपुढे ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ असे दोन रकाने घाला. एका टप्प्यात अंदाज दोन-तीन टक्क्यांनी चुकणं अगदी साधं आहे, म्हणजे १० किमीवर मिनिटभर. चुका साठत जातात. दुसऱ्या धावकाला अर्ध्या मिनिटाची खिडकी पुरते, सहाव्याला मागे-पुढे तीन मिनिटांची लागते. सुरुवात उशिरा झाली तर सगळ्या वेळा तेवढ्याने पुढे जातात. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण सुरुवात दहा मिनिटं लांबल्याचं चौथ्या टप्प्यावर कोणी कळवलंच नाही आणि धावक वॉर्म-अप संपवून थंडगार उभा, हे चित्र दर स्पर्धेत कुठे ना कुठे दिसतं. हे कळवण्याचं काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

वॉर्म-अपचा हिशोब अपेक्षित वेळेच्या उलट्या दिशेने मांडा. समजा पट्टा ७:५७:३० ला येणार आहे. ७:२० च्या सुमाराला जॉग सुरू करायचा, १२ ते १५ मिनिटं, शेवटची दोन-तीन मिनिटं थोडा वेग वाढवून. मग ५ ते ७ मिनिटं ड्रिल्स आणि पाय मोकळे करणं, मग ८० ते १०० मीटरचे चार स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या, मोकळ्या पण वेगवान धावा. हे सगळं ७:४८ पर्यंत संपलं पाहिजे. शौचालयाची शेवटची फेरी जॉगच्या आधी उरकायची, नंतर नाही, कारण रांग किती लांब असेल ते आपल्या हातात नसतं. शेवटच्या नऊ-दहा मिनिटांत अंगावर पूर्ण बाह्यांचं जॅकेट आणि ट्रॅक पँट असावी, थंडी नसली तरी. पँट बुटांवरून निघते की नाही ते घरी पाहून ठेवा. बदलाच्या रेषेवर एका पायावर उड्या मारत पँट ओढणारा धावक पाहिला की सगळा सराव व्यर्थ वाटतो.

येणारा उशिरा झाला तर? बसायचं नाही, एका जागी उभं राहायचं नाही, आणि पुन्हा पूर्ण वॉर्म-अपही करायचा नाही. दर दोन-तीन मिनिटांनी ५०-६० मीटरचा एक स्ट्राइड, मध्ये चालणं किंवा हलका जॉग. अंगावरचे कपडे तसेच. पंधरा मिनिटांहून जास्त थांबावं लागलं तर पाच मिनिटांचा जॉग पुन्हा करा, पण बदलाच्या जागेपासून शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडे जाऊ नका.

कपडे काढायचे कधी, हे पुढे उभा असलेला माणूस ठरवतो. प्रत्येक बदलाच्या जागी दोन मदतनीस लागतातच: एक धावकाजवळ आणि एक मार्गावर साधारण ५०० मीटर अलीकडे, येणाऱ्याची वाट पाहत. ४:०० च्या पेसने येणाऱ्याला ५०० मीटरला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात जॅकेट काढणं, एक छोटा स्ट्राइड मारणं आणि रेषेवर येणं आरामात होतं. संदेश फोनवर जाणार नसेल तर एक माणूस मध्ये उभा करून हाताच्या खुणेने पोहोचवा. खूण क्लबच्या रंगाची नसावी, कारण त्याच रंगाचे जर्सी दहा जण घालून असतात. दोन्ही हात डोक्यावर, एवढीच खूण ठरवा. जिथे पंच येणाऱ्यांचे बिब क्रमांक पुकारतात तिथेही नुसतं त्यांच्या भरवशावर राहू नका. एकामागोमाग पाच-सहा जण आले की पुकारा मागे पडतो.

आता प्रत्यक्ष बदल. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टप्प्याची रेषा ५ सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्या १० मीटर आधी व १० मीटर नंतर आणखी दोन रेषा आखलेल्या असतात. आयोजकांनी वेगळं काही ठरवलं नसेल तर येणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा शारीरिक स्पर्श या २० मीटरच्या झोनमध्येच पूर्ण झाला पाहिजे. कुठे बॅटन असतो, कुठे मनगटाचा बँड, कुठे नुसती टाळी आणि कुठे खांद्यावरचा पट्टा. पट्टा आला जपानच्या एकिदेनमधून, म्हणजे तिथल्या लांब पल्ल्याच्या रोड रिलेतून. १९१७ मध्ये क्योतो ते टोकियो अशी सुमारे ५०० किमीची पहिली एकिदेन २३ टप्प्यांत झाली. १९२० पासून चालत आलेल्या, विद्यापीठांच्या हाकोने एकिदेनमध्ये आजही, टीम ठरावीक वेळेपेक्षा मागे पडली की बहुतेक टप्प्यांवर पुढच्या धावकाला आपल्या विद्यापीठाच्या पट्ट्याविना, आयोजकांचा पट्टा घालून निघावं लागतं. वेळेत न पोहोचल्याचं दुःख त्या पट्ट्यावर सगळ्यांना दिसतं. तुमच्या स्पर्धेतही अशी कट-ऑफ असेल तर ती तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर पुढचा धावक वाट पाहत असताना पंचांनी त्याला सोडल्यावर गोंधळून जातो.

पट्ट्याचं तंत्र छोटं आहे पण त्याचा सराव लागतो. जपानी मापाचा पट्टा ६ सेंटिमीटर रुंद आणि १.६० ते १.८० मीटर लांब असतो. येणाऱ्याने शेवटच्या १५०-२०० मीटरवर तो डोक्यावरून काढायचा आणि मुठीभोवती एक वेढा घ्यायचा. शेवटच्या २० मीटरवर दोन्ही हातांत ताणून छातीसमोर आडवा धरायचा. जाणारा मधोमध पकडतो, ओढून घेतो, पळता पळताच डोक्यातून एका खांद्यावर आणि विरुद्ध बाजूच्या कमरेवर घालतो आणि लोंबणारा भाग चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचतो. कोरड्या पट्ट्यावर हे सोपं वाटतं. चौथ्या टप्प्यापर्यंत तो घामाने चिंब होऊन जड होतो, त्याचा पीळ पडतो आणि कानात-चष्म्यात अडकतो. म्हणून सराव ओल्या पट्ट्याने करा, आणि टेम्पो संपल्यावर लगेच करा, म्हणजे येणाऱ्याचे हात खऱ्याइतके थकलेले असतील. १० मिनिटं, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. एवढं पुरतं.

जाणाऱ्याने किती आधी सुटायचं? ट्रॅकसारखी न पाहता घेण्याची पद्धत इथे नको. येणारा थकलेला असतो आणि त्याचा वेग शेवटच्या दहा मीटरमध्येही पडू शकतो. जाणाऱ्याने मधल्या रेषेच्या थोडं अलीकडे, येणाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि नाव घेऊन मोठ्याने हाक मारायची. तो सात-आठ मीटरवर आला की वळून तीन-चार पावलं जॉग करत हात मागे ठेवायचा. अंगात वेग आलेला असतो, आणि चुकलं तरी झोनमध्ये पाच-सात मीटर उरतात. येणाऱ्यासाठी एकच सूचना: मधल्या रेषेवर थांबायचं नाही, झोनच्या शेवटच्या रेषेपर्यंत पळायचं. बहुतेक सेकंद इथेच सांडतात. माणसाला रेषा दिसली की त्याचं शरीर तीस मीटर आधीच शर्यत संपवतं. बदल झाल्यावर बाजूला व्हायचं, पण आधी मागे पाहून. गुडघ्यावर हात टेकून मधोमध उभं राहिलात तर दुसऱ्या टीमला अडथळा होतो आणि त्याची शिक्षा आपल्या टीमला मिळते.

वेळ मोजणारी चिप घोट्याला बांधायची असेल तर पट्टी सोडून दुसऱ्याच्या पायाला बांधायला दहा सेकंद जातात. मदतनीस मदत करू शकतो का ते नियमपत्रिकेत पाहून ठेवा. जाणाऱ्याचा पाय आधीच पुढे टेकलेला आणि मोजा खाली सरकवलेला हवा.

बदलानंतरचे पहिले तीन मिनिट रिलेतले सर्वांत महाग. टाळ्या, हाका, हातात पट्टा, आणि समोर ८० मीटरवर कोणीतरी. पेस ४:०० चा असेल तर ८० मीटर म्हणजे जेमतेम २० सेकंद. हे अंतर ५ किमीभर पसरलं तर किलोमीटरला फक्त ४ सेकंद वाचवावे लागतात, आणि ते जमतं. तेच पहिल्या किलोमीटरमध्ये भरून काढायचं म्हटलं तर ३:४० ने पळावं लागतं आणि तिसऱ्या किलोमीटरला त्याची वसुली होते. प्रत्येकाला पहिल्या किलोमीटरचा आकडा आधी सांगून ठेवा. १८:५० चं लक्ष्य असणाऱ्याचा पेस ३:४६ होतो. त्याने पहिला किलोमीटर ३:४४ च्या आत नेला नाही तर पुढचं आपोआप सुरळीत जातं. घड्याळाचा तात्पुरता पेस सुरुवातीला उड्या मारत असतो, त्यावर विश्वास नको. बदलाच्या क्षणी घड्याळ सुरू करायचं आणि किलोमीटरच्या पाट्यांवर वेळ पाहायची. ज्याला घड्याळ विसरण्याची सवय आहे त्याला मदतनीसाने हाक मारून आठवण करून द्यावी. समोरून वारा असताना पुढे कोणी मिळालं तर अर्धा किलोमीटर त्याच्या मागे राहून दम घ्या, लगेच ओलांडू नका.

खाण्याबाबत एकच गोष्ट नीट समजून घ्या: सुरुवात सहाची असली तरी सहाव्या धावकाची शर्यत सव्वाआठची आहे. सगळ्यांनी एकत्र पहाटे चारला खाल्लं तर पहिल्याला ते जरा जवळ पडतं आणि सहावा रेषेवर उपाशी उभा असतो. प्रत्येकाने आपल्या निघण्याच्या वेळेच्या अडीच ते तीन तास आधी, सरावात पचलेलंच हलकं खाणं घ्यावं. पाणी त्याच सुमाराला ४०० ते ५०० मिली, मग लघवी करून येईपर्यंत घोट-घोट. ५ किमीच्या टप्प्यावर वाटेत पाण्याची गरज नसते. १० किमीला उष्ण हवेत अर्ध्यावर एक-दोन घोट आणि डोक्यावर पाणी पुरे.

वाहतूक आणि सामान ह्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी, पण पहिल्यांदा उतरणारे क्लब इथेच अडकतात. सुरुवातीनंतर रस्ते बंद होतात. तिसऱ्याला सोडून पाचव्याला घेऊन जाऊ असं कागदावर जमणारं गणित रस्त्यावर जमत नाही. प्रत्येक धावक आणि त्याचे मदतनीस रस्ता बंद होण्याआधीच आपापल्या जागी पोहोचलेले हवेत, बदलाच्या किमान ७५ मिनिटं आधी. सामानासाठी प्रत्येक धावकाच्या दोन पिशव्या करा. कारण माणूस एका ठिकाणी कपडे काढतो आणि दुसऱ्याच ठिकाणी पोहोचतो! पहिली पिशवी निघण्याच्या जागी, जॅकेट-पँट टाकण्यासाठी. ती तिथला मदतनीस परत आणतो. दुसरी पिशवी आधीच पुढच्या बदलाच्या जागी गेलेली असते: कोरडा टी-शर्ट, गरम कपडा, टॉवेल, पाणी, काही खायला आणि परतीच्या प्रवासाची माहिती. ही दुसरी पिशवी नसली की टप्पा संपवलेला माणूस घामाने भिजलेल्या जर्सीत वाऱ्यावर तासभर उभा राहतो. व्यवस्थापकाच्या स्वतःच्या पिशवीत जादा सेफ्टी पिना, दोन कात्र्या, नियमपत्रिका, टेप, राखीव मोजे आणि छापील तक्ते. बिब प्रत्येकाच्या जर्सीला चारही कोपऱ्यांत आदल्या रात्रीच लावलेले असावेत, आणि ते लावताना टप्प्याचा क्रमांक दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचावा.

अर्ध्या वाटेत कोणाचा पाय मुरगळला तर? धावकाने जवळच्या पंचाला सांगायचं, स्वतःहून कोणाला पट्टा द्यायचा नाही. रस्त्यात राखीव धावक घुसवणं नियमबाह्य आहे. पुढच्या धावकाला निघण्याची परवानगी मिळते का, ते फक्त पंच ठरवतात. ती मिळाली तर उरलेल्यांनी जरूर पळावं, निकालात टीमचं नाव नसलं तरी त्यांच्या वेळा खऱ्या असतात. सायकलवरून किंवा बाजूने पळत कोणी सोबत करू नये, तीही मदत धरली जाते.

धावक आपल्या जागी पोहोचल्यावर व्यवस्थापकाचं दुसरं काम सुरू होतं: नोंद. प्रत्येक बदलाला चार गोष्टी लिहायच्या: पट्टा देण्याची वेळ, टीमचा क्रमांक, पुढच्या टीमशी अंतर आणि बदल कसा झाला ते चार शब्दांत. अधिकृत निकालात बऱ्याचदा टप्प्याची वेळ एका बदलापासून दुसऱ्यापर्यंत धरलेली असते. म्हणजे पुढचा धावक रेषेवर नसल्यामुळे वाया गेलेली वीस सेकंदं येणाऱ्याच्या नावावर चढतात आणि तो हळू पळाला असं दिसतं. धावकाच्या घड्याळातली वेळ आणि अधिकृत वेळ शेजारी लिहिल्या की पळण्यात किती गेलं आणि उभं राहण्यात किती गेलं ते वेगळं दिसतं. पुढच्या वर्षीचा तक्ता करताना हाच कागद समोर ठेवा. तो त्याच दिवशी संध्याकाळी, सगळे अजून एकत्र असतानाच पूर्ण करून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी कोणालाही आपण रेषेवर किती वेळ उभे होतो ते आठवत नाही.